आत्ताच पोचलो

रविवार, ४ जानेवारी

ठरलं. या वर्षी टेकडीची रेस मारायची. क्रॉस-कंट्री, माउंटन बाइक, जंगलातून तीन फेऱ्या. रेस २२ फेब्रुवारीला. तयारीला भरपूर वेळ आहे. टीम चौघांची : डेंटिस्ट, औषधवाला, लांब्या आणि मी. शाळेत एका बाकावर कोंबून बसायचो तेच चौघं. पस्तीस वर्षं झाली. बाक गेला, केस गेले, चौघं शाबूत.

नियम विचित्र आहे. टीमची वेळ म्हणजे टीममधल्या शेवटच्या गड्याची वेळ. पहिले तिघं विमानाने आले तरी चौथा येईपर्यंत घड्याळ चालूच. मला औषधवाल्याची काळजी वाटते. पोट सुटलंय त्याचं. दिवसभर गल्ल्यावर बसून दुसरं काय होणार? हळूच समजावायला हवं.

आजचा सराव उत्तम. मी वर पोचलो तेव्हा तिघं माथ्यावरच्या मोठ्या दगडावर बसलेले. दमले असणार बिचारे. किती वेळ झाला म्हणून विचारलं, तर लांब्या म्हणाला, आत्ताच पोचलो. दर रविवारी हेच सांगतात. म्हणजे फरक असलाच तर अर्ध्या मिनिटाचा. शिवाय मी मागे राहतो तो मुद्दाम. मागून सगळ्यांच्या चुका दिसतात. कोचची जागा मागेच असते.

त्या दगडावर कुणा कार्ट्यांनी खड्याने ओरखडून फुली-गोळा खेळून ठेवलाय. बोटभर जागा सोडलेली नाही. लोकांना कामधंदे नाहीत. लांब्या पाणीपुरवठा खात्यात आहे आणि त्यांची टाकी तिथंच आहे. त्याला म्हटलं, तुमच्या खात्याने एक बोर्ड लावावा. बघतो म्हणाला. बाकीचे दोघं उगाच हसले.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे. साखर बंद.

मंगळवार, ६ जानेवारी

गजर काल झाला, आजही झाला. दोन्ही वेळा सौ.ने बंद केला. मला उठवलं का नाहीस विचारलं तर म्हणाली, तू स्वतःच हात जोडून नको म्हणालास. झोपेतल्या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे कमाल आहे.

साखर बंद म्हणजे चहातली. बिस्किटांचं ठरलं नव्हतं.

शनिवार, १० जानेवारी

संध्याकाळी औषधवाल्याचा फोन. दर शनिवारी येतोच. उद्या येतोयस ना, आणि कॅरिअर लावलंयस ना? चार सायकली टांगायचं कॅरिअर फक्त माझ्या गाडीला आहे. पण खरं कारण ते नाही. माझ्याशिवाय या लोकांचं पान हलत नाही.

सौ. म्हणाली, कॅरिअर त्यांच्याकडे नेऊन ठेव एकदाचं. तिला मैत्री कळत नाही.

बुधवार, १४ जानेवारी

नवी योजना. पहाटे उठणं शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, स्नायू थंड असतात. त्याऐवजी माझ्या चष्म्याच्या दुकानातच सराव. सायकल स्टँडवर चढवून डोळे तपासायच्या खोलीत ठेवली. एका दगडात दोन पक्षी : गिऱ्हाईक अक्षरं वाचणार, मी पेडल मारणार.

पहिली आली ती एक म्हातारी. तिच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली, भिंग घातलं, सायकलवर बसलो आणि म्हटलं, वाचा वरपासून. तिने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला माझ्याच चष्म्यावर वाफ धरली. चौथीला ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, कानात हवा भरल्यासारखं झालं. पाचव्या ओळीला ती खुर्चीतून उठली, मला धरून तिच्याच खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. मग म्हणाली, मला दिसतंय बाबा सगळं, तू जरा पडून राहा. नंबर न काढताच गेली.

स्टँडची उंची चुकली होती. उद्या बघू.

शनिवार, १७ जानेवारी

वाईट बातमी. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

औषधवाल्याची बायको चष्म्याची काडी आवळून घ्यायला आली होती. मी स्क्रू फिरवतोय आणि ती सहज बोलून गेली, बरं झालं बाई यंदा आक्का येणार तुमच्यात, म्हणजे नंबर तरी येईल. माझा हात थांबला. माझा चेहरा बघून तिने जीभ चावली आणि काडी तशीच सैल घेऊन गेली.

आक्का म्हणजे डेंटिस्टची थोरली बहीण. शाळेत खेळाची शिक्षिका आहे. लहानपणी आम्हा चौघांचे कान तिनेच उपटले. माझा डावा अजून किंचित लांब आहे. आता छप्पन वर्षांची आहे. छप्पन! या वयात तिला दगडाधोंड्यांतून नेणार? यांना माणुसकी आहे की नाही?

जागा चार आहेत. आक्का आली तर कुणी तरी बाहेर जाणार. डेंटिस्ट नाही, त्याचीच बहीण. लांब्या नाही, तो हरणासारखा चढतो. राहिला औषधवाला. हो, औषधवालाच.

पण मग त्याची बायको खूश का होती?

दुकान लवकर बंद केलं. मला दुसरे मित्र नाहीत. व्यापारी संघात ओळखी आहेत, त्या नमस्कारापुरत्या. या तिघांशिवाय रविवार कसा काढतात मला ठाऊक नाही. भीती वाटते, सरळ सांगायचं तर.

रविवार, १८ जानेवारी

दगडापाशी पोचल्या पोचल्या ठरवलं होतं, स्पष्ट विचारायचं. पण पोचल्यावर बोलण्याइतकी हवा नव्हती. हवा आली तोवर तिघं हेल्मेट घालून उभे. डेंटिस्टने दोनदा घसा खाकरला. रुग्णाला दाढ काढावी लागेल हे सांगण्याआधी खाकरतो तसा. तो काही बोलायच्या आत मीच जाहीर करून टाकलं की या वर्षी मी सर्वस्व पणाला लावणार आहे, माझी चिंता करू नका.

लांब्याने पाठीवर हात ठेवला. भारावला असणार.

गुरुवार, २२ जानेवारी

आता हयगय नाही. दुपारी दुकानाला कुलूप लावून एकटा टेकडीवर गेलो. चढ मला येतोच, वेळ वाया कशाला घालवा? म्हणून मागच्या बाजूने, टाकीच्या रस्त्याने, गाडीतून थेट माथ्यावर. फाटकाची किल्ली लांब्याकडून आणली होती. त्याला सांगितलं, निसर्ग बघायचाय. सायकल खाली काढली आणि उताराचा सराव सुरू केला. उतार हा माझा खास प्रांत.

पहिल्या वळणाला सायकल डावीकडे वळली. मी वळलो नाही.

झुडूप मऊ होतं, काटे सोडले तर. उजवा गुडघा सुजलाय. गाडी माथ्यावर, मी निम्म्यात. सायकल ढकलत पुन्हा वर जावं लागलं. अशा रीतीने चढाचाही सराव झाला.

शुक्रवार, २३ जानेवारी

गुडघ्याला पट्टा बांधून जेवायला बसलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण कुठून आली असेल ते आज कळलं, असं सौ. म्हणाली. घरातूनच पाठिंबा नसेल तर खेळाडूने जायचं कुठे?

शनिवार, ३१ जानेवारी

नवी सीट घेतली. अगदी हलकी, तळहातावर ठेवली तर जाणवत नाही. जुनीपेक्षा मूठभर वजन कमी. चढावर फार फरक पडतो. दुकानदाराने सांगितलं ही सीट व्यावसायिक खेळाडू वापरतात. त्या आनंदात परत येताना बेकरीत थांबलो. सौ.ने पुडा बघून विचारलं, सीटवरचं वाचवलेलं वजन ते हेच का?

तिच्याशी आज बोलत नाहीये.

रविवार, १ फेब्रुवारी

व्यावसायिक खेळाडू या सीटवर बसत असतील यावर माझा विश्वास नाही. उभ्याने लिहितोय.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज औषधवाला पूर्ण वेळ माझ्याबरोबर राहिला. लांब्या आणि डेंटिस्ट दिसेनासे झाले, पण हा पठ्ठ्या माझ्या बाजूलाच. त्याला झेपत नाहीये हे उघड आहे. दम नाही असं दाखवायला गप्पा मारत होता. मी उत्तरं दिली नाहीत, श्वास जपून वापरायचा असतो.

निम्म्या चढावर म्हणाला, तुझं दुकान आहे, गुडघा आहे, यंदा नाही जमलं तरी कुणी काही म्हणणार नाही, तू आमच्यासाठी आहेसच. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. पुढच्या चाकाकडे बघत होता.

बिचारा माघार घ्यायला वाट शोधतोय. मी त्याला धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, मी काही तुम्हाला सोडून जात नाही, रेसच्या दिवशी मी तुझ्याबरोबर आहे. यावर त्याचं तोंडच बंद झालं.

घरी आल्यावर वाटलं, मला कळलं होतं तो काय म्हणत होता. मग वाटलं, नाही कळलं. नाही कळलं हेच बरं.

रविवार, १५ फेब्रुवारी

रेसच्या आधीच्या आठवड्यात खेळाडू विश्रांती घेतात. मी जानेवारीपासून मधून मधून घेत होतोच, आता सलग घेतली. सरावाला गेलो नाही. औषधवाला सकाळी येऊन गाडी घेऊन गेला, कॅरिअरसकट. दुपारी आणून लावली. धुऊन आणली होती, टाकी भरली होती. सज्जन माणूस.

संध्याकाळी कॅरिअर काढायला गेलो. गाडी धुतली, पण हुक धुवायचे राहिले. चारही हुकांना चिखल.

गेले तिघं. तीन सायकली. मग चौथ्या हुकाला चिखल कसा?

उडाला असेल. चिखल उडतो.

जेवण गेलं नाही. सौ.ने काय झालं विचारलं. सीट, म्हटलं. ती नुसती शेजारी येऊन बसली. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

ठरवलंय. शेवटचा यायचं नाही. बाकी काही नको. नंबर नको, पदक नको, फोटो नको. माझ्या मागे एक माणूस पाहिजे. जगात एवढी माणसं आहेत, टेकडीवर शंभर-दीडशे येतील. त्यातला एक माझ्या मागे राहिला की प्रश्न मिटला. मग आक्काचं नाव काढायची कुणाची हिंमत होणार नाही.

एकच माणूस. हे काही फार मागणं नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळी

गाडीत बसून लिहितोय. बाहेर लाउडस्पीकरवर सगळ्यांना मीटिंगला बोलावताहेत. नियम, खुणा, कोण कुठे उभं असेल वगैरे. नवख्यांसाठी असते ती. मी त्या वेळात जुनी सीट परत बसवली. तिघं गेलेत ऐकायला.

आक्का आली आहे. बघायला, म्हणे. बघायला येताना सायकलचे बूट घालतात का?

दोनदा झाडामागे जाऊन आलो, तिसऱ्यांदा जावं लागणार.

रविवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळी

जिंकलो!

म्हणजे रेस नाही. पण जे हवं होतं ते सगळं मिळालं. क्रमाने लिहितो, पलंगावर आडवा पडून, कारण दुसरी कुठलीही पोझिशन शक्य नाही.

सुरुवातीला सगळे वेड्यासारखे सुटले. मी शहाणपणाने मागे राहिलो. पहिल्या चढावरच जीव घशात आला. पाय माझे नव्हतेच, कुणाचे तरी उसने आणलेले. मनात आलं, सायकल झाडाला टेकवावी, गाडीत जाऊन बसावं आणि पुन्हा कुणाला तोंड दाखवू नये. खरंच आलं. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने आलं.

तेवढ्यात मागे बघितलं आणि चमत्कार! माझ्या मागे माणूस!

हिरव्या जॅकेटातला. वयाने माझ्याएवढाच. मला वाटलं हा आता पुढे जाणार. पण गेला नाही. जाऊच शकला नाही! मी जोर लावला, तोही जोर लावायचा. मी हळू झालो की तोही हळू. चेन पडली म्हणून मी उतरलो, तर हा दहा पावलांवर थांबला आणि आकाशाकडे बघत उभा राहिला. मला खेळवतोय, दबाव टाकतोय, हे मी लगेच ओळखलं. वर पाणी हवं का म्हणून विचारतो! प्रतिस्पर्ध्याच्या हातचं पाणी प्यायला मी काही दूधखुळा नाही. नाही म्हटलं. फार तहान लागली होती.

दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मागून काही जण जोरात आले आणि बाजूने निघून गेले. त्यांचे नंबर बघितले, हे सगळे नावाजलेले खेळाडू. म्हणजे दीड फेरी हे लोक माझ्या मागे होते! मला कल्पनाच नव्हती मी एवढा पुढे होतो. तिथून अंगात बळ संचारलं. नंतर आणखी बरेच जण तसेच गेले, पण तोवर मला फरक पडत नव्हता. हिरवा मागे होता.

तिसऱ्या फेरीत हिरव्याचं डोकं फिरलं. रेस चालू असताना हा माणूस झाडांना बांधलेल्या खुणेच्या रिबिनी सोडायला लागला! प्रत्येक वळणाला उतरायचा, रिबीन सोडायची, पिशवीत कोंबायची, पुन्हा सायकलवर. एवढा वेळ घालवूनही मला गाठायचा, हे मान्य करायला हवं. पण शेवटी मागचा तो मागचाच.

माथ्यावर पोचतो तर काय, आमचे तिघं त्या दगडावर! रेसमध्ये! बसलेत! पार गळपटलेले असणार. मला कळवळा आला. ओरडून म्हटलं, उठा, हार मानू नका, माझ्या मागे या! आणि थांबलो नाही. उठले आणि आले. औषधवाला मागून ओरडत होता, सावकाश, दगड आहेत. माझ्या उताराची त्याला कल्पना नाही. दोनदाच पडलो.

शेवटची रेषा आमच्या चौघांत सर्वांत आधी मी ओलांडली. हे पुन्हा लिहितो. चौघांत सर्वांत आधी मी. फुग्याची कमान वाऱ्याने अर्धी खाली आली होती, वाकून जावं लागलं. लोक पांगले होते, ऊन झालं होतं. आक्का तेवढी उभी होती. तिने माझा कान धरला, पण हळू धरला, आणि म्हणाली, पोचलास बाबा एकदाचा.

हिरवा माझ्यानंतर आला. त्याने माझ्याशी हात मिळवला. हरल्यावर हसायला मोठं मन लागतं.

सौ.ने पाय शेकून दिले. तिला सगळं सांगितलं. रिबिनींचं सांगितल्यावर ती काही तरी म्हणणार होती, मग म्हणाली, झोप आता.

सोमवार, २३ फेब्रुवारी

रात्रभर एक गोष्ट खटकत होती. हिरव्याच्या सायकलला नंबरच नव्हता! नंबर नाही, रिबिनी सोडतो, म्हणजे काय प्रकार आहे? माझ्यामागून कुणी आलं असतं तर रस्ता कसा सापडला असता? मला वैयक्तिक राग नाही, मी त्याला हरवलंय. पण खेळाची शिस्त म्हणून आयोजकांना सविस्तर ई-मेल केला. त्याला बाद करावं, अशी मागणी केली. तिघांना प्रत पाठवली.

लांब्याने नुसता अंगठा पाठवला. नंतर तो अंगठाही काढून टाकला.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आयोजक बाईंचा फोन आला. मी एका गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होतो.

बाईंनी आधी माझा नंबर विचारला. मग म्हणाल्या, ते हिरव्या जॅकेटातले आमचेच आहेत. स्वयंसेवक. जंगलात कुणी मागे राहू नये म्हणून सगळ्यांच्या शेवटी एक माणूस ठेवतात, तो येताना खुणा काढत येतो. सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांची ओळख करून दिली होती.

मी विचारलं, सगळ्यांच्या शेवटी म्हणजे कुणाच्या मागे?

बाई फार सभ्य आहेत. हिरव्याला त्यांनी पाणी घेऊन हिंडायला सांगितलं होतं, ते तुम्हाला मिळालं ना, एवढंच विचारलं. मिळालं म्हटलं.

मग त्याच म्हणाल्या, तुमची टीम मात्र छान आहे. ते उंच गृहस्थ वैयक्तिक गटात सहावे चालले होते. माथ्यावरच्या आमच्या मुलीने तिघांना कितीदा सांगितलं की तुम्ही पुढे होऊन रेस पूर्ण करा. ऐकेनात. आम्ही चौघं आहोत, चौघंच खाली जाऊ, म्हणाले.

फोन ठेवला. गिऱ्हाईक आरशात बघत होतं. ही फ्रेम कशी दिसते म्हणून विचारलं त्याने. मला काही दिसत नव्हतं. छान, म्हटलं.

म्हणजे ते जोरात निघून गेलेले लोक एक अख्खी फेरी पुढे होते. म्हणजे ती कमान वाऱ्याने पडली नव्हती, आवरायला घेतली होती.

बुधवार, २५ फेब्रुवारी

दिवसभर धीर गोळा केला. संध्याकाळी तिघांना एकत्र फोन लावला. म्हटलं, माझा गुडघा काही खरा नाही, पुढच्या रेसला माझ्या जागी आक्काला घ्या.

मला वाटलं, कुणी तरी म्हणेल, अरे असं काय बोलतोस. निदान औषधवाला म्हणेल. फोन कटला की काय म्हणून मी हॅलो म्हटलं. मग डेंटिस्टने घसा खाकरला आणि म्हणाला, थँक्यू रे. लगेच त्याने जर्सीवाल्याला आक्काचं माप पाठवलं. माप त्याच्याकडे तयार होतं.

दाढ काढल्यासारखं वाटतंय. दुखत नाही, पण जीभ सारखी तिथंच जाते.

शनिवार, २८ फेब्रुवारी

फोन येणार नाही असं धरून चाललो होतो. उद्या काय करायचं तेही ठरवलं : दुकानातली भिंगं पुसणे, सौ.बरोबर बाजार. सौ. म्हणाली, रविवारी मला माझी कामं असतात, तुला करमणूक म्हणून मी रिकामी नाही.

सातला फोन. औषधवाला. उद्या येतोयस ना, आणि कॅरिअर लावलंयस ना?

कामापुरता मामा! चांगलं खडसावणार होतो. म्हणणार होतो, कॅरिअर हवं तर येऊन घेऊन जा. त्याने आधीच सांगून टाकलं, चहाचा मोठा थर्मास आण, लांब्या किल्ली आणतोय, तू टाकीच्या रस्त्याने वर ये.

बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर खाली जाऊन कॅरिअर लावलं. चारही हुक पुसले.

रविवार, १ मार्च

सायकली पायथ्याशी उतरवल्या. आक्काने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि विचारलं, तू नाहीस? गुडघा, म्हटलं. ती म्हणाली, मी पळायला लावलं की लहानपणीही तुझा गुडघाच दुखायचा. चौघं झाडीत शिरले. वळणापर्यंत दिसत होते.

माथ्यावर आज सगळ्यांत आधी मी पोचलो. गाडीने.

दगडावर बसलो. दगड गार आहे आणि टोचतो. कुणी हौसेने बसावं असा मुळीच नाही. वारा थेट कानात शिरतो. थर्मास उघडला, बंद केला. फिरून आलो, पुन्हा बसलो. वाट बघण्यासारखं कंटाळवाणं काम दुसरं नाही. करायला काही नसतं, आणि उठून जाताही येत नाही, कारण माणूस येणार असतो.

मग दगडावरचा फुली-गोळा बघत बसलो. जुने डाव पुसट झालेत, त्यांच्यावर नवे. नवा चष्मा घातला होता म्हणून कोपऱ्यातलं बारीकही दिसलं. तिथं जिंकलेल्या डावांच्या रेघा मारल्या होत्या. तीन रांगा. पहिल्या रांगेच्या वर ‘लां’, दुसरीच्या वर ‘डें’, तिसरीच्या वर ‘औ’.

कार्टी सापडली.

एका रविवारी किती डाव होत असतील आणि असे किती रविवार, हा हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला. औषधवाला सगळ्यांत जास्त जिंकलाय. कधी बोलला नाही. मीही एक खडा उचलला आणि जागा शोधून एक डाव मांडला. फुली माझी, गोळाही माझा. बरोबरीत सुटला.

चहा कोमट व्हायला लागला तेव्हा आक्का दिसली. मग लांब्या, मग डेंटिस्ट. सगळ्यांत शेवटी औषधवाला, तोंड लालबुंद, सायकल टाकली आणि दगडाला टेकला. माझ्या लाल झालेल्या कानांकडे बघितलं, खड्याकडे बघितलं. धापा टाकत विचारलं, किती वेळ झाला तुला येऊन?

आत्ताच पोचलो, म्हटलं.